आईच्या लघवीत केटोन ++ आलेत. उपासाचे म्हणून सोडून देऊ का?

माटोळी · सायं. ५:१०

नमस्कार मंडळी. आज नव्याची पंचम, घरात गणपती, पाहुण्यांची ये-जा, आणि मी हॉलच्या कोपऱ्यात आईचा रिपोर्ट घेऊन बसलोय.

आई ६४ वर्षांची. मधुमेहाला बारा वर्षं झाली, गोळ्यांवर आहे, इन्शुलिन नाही. परवा तयेचा (हरतालिकेचा) उपास केला, तोही निर्जळी. दर वर्षी सांगतो, दर वर्षी ऐकत नाही. काल चवथीला पहाटे चारपासून चुलीपुढे. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतें सगळं तिच्या हातचं आणि स्वतः दिवसभरात दोन घास. आज सकाळपासून मळमळतंय, एकदा उलटी झाली, "अंगात त्राण नाही रे" म्हणते. जवळच्या लॅबमध्ये रक्त आणि लघवी दिली. रक्तातली साखर १६८. लघवीत साखर +++, केटोन ++. लॅबमधला मुलगा "डॉक्टरांना दाखवा" एवढंच बोलला. आमचे नेहमीचे डॉक्टर चवथीला गावी गेलेत, फोन लागत नाही.

काका म्हणतात, १६८ म्हणजे तुझ्या आईची साखर उलट सुधारली. शेजारची नर्स म्हणाली, केटोन म्हणजे विष, बघून घे. दोघांपैकी कोणाचं खरं? आणि हे केटोन नेमकं असतं काय?

हुमण_शीत · ५:१८

रुमाल टाकून ठेवतो. (माझ्या माहितीप्रमाणे केटोन म्हणजे माणसं भात सोडतात आणि मग त्याविषयीच बोलत बसतात तो आजार.)

परीक्षानळी · ५:४१

माटोळी, तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय, म्हणून 'विष' या शब्दावर आधी हरकत घेतो.

शरीराचं रोजचं इंधन ग्लुकोज. त्याचा थोडासा साठा यकृतात असतो, ग्लायकोजेनच्या रूपात, साधारण १०० ग्रॅम. घरातल्या डब्यातले तांदूळ समजा. न जेवता राहिलात तर दिवसभरात डबा रिकामा. चरबी मात्र कोठारभर असते. अडचण एवढीच की मेंदूला चरबी चालत नाही. स्निग्धाम्लं मेंदूच्या दाराशी अडतात, आत जाऊन त्यांचा इंधन म्हणून उपयोग होत नाही. आणि मेंदू हा वजनाने शरीराच्या २ टक्के असला तरी खातो २० टक्के. दिवसाला १००-१२० ग्रॅम ग्लुकोज एकटा फस्त करतो.

डबा संपला की यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवायला घेतं. उपासाच्या पहिल्या काही दिवसांत रोज सुमारे ७५ ग्रॅम प्रथिनं अशी मोडतात. प्रथिनं ७५ ग्रॅम म्हणजे ओला स्नायू पावकिलोहून बराच जास्त. असं महिनाभर चाललं तर माणूस उठून उभा राहणार नाही. म्हणून यकृत दुसरी युक्ती करतं. चरबीचे लहान तुकडे करून ते जोडतं आणि पाण्यात सहज विरघळणारी छोटी इंधनं तयार करतं. तीच केटोन. ती मेंदूत जातात. हृदय आणि मूत्रपिंडंही आनंदाने वापरतात. लांबलेल्या उपासात मेंदूच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग केटोन भागवतात आणि प्रथिनांची मोड दिवसाला २० ग्रॅमवर येते.

त्यांची नावं तीन: अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि अ‍ॅसिटोन. तिसरं म्हणजे नेलपॉलिश काढायचं तेच. ते इंधन म्हणून फारसं कामाचं नाही, श्वासातून उडून जातं. उपाशी माणसाच्या तोंडाला पिकून सडायला लागलेल्या फळासारखा वास येतो तो त्याचा. आणि गंमत बघा, यकृत केटोन बनवतं पण स्वतः वापरू शकत नाही. वापरायला जे विकर (एन्झाइम) लागतं तेच त्याच्यापाशी नसतं. वाढपी वाढून उपाशी.

तेव्हा दोन दिवसांच्या उपासानंतर लघवीत केटोन येणं हे शरीर शहाणं असल्याचं लक्षण आहे. आईंना थोडी पेज द्या, मीठ घालून. सकाळपर्यंत केटोन जातील. निश्चिंत असा.

दोन_मुलांची_आई · ५:५०

सर, किती छान सांगितलंत. माझ्या धाकट्याला तापात दोन दिवस खाल्लं नाही की असाच वास येतो. आणि पोटात बाळ असताना मला उलट्यांनी हैराण केलं होतं तेव्हा दर तपासणीला लघवीत केटोन बघायचे. तेव्हा कोणी असं समजावून दिलं असतं तर!

पावबंदी · ५:५८

आठ महिने कीटो करतोय, अकरा किलो उतरलो, म्हणून अनुभवाचं बोलतो. परीक्षानळी सरांशी १०० टक्के सहमत. माझ्याकडे रक्तातलं केटोन मोजायचं यंत्र आहे, ग्लुकोमीटरसारखंच. माझं १.२ ते १.८ मध्ये असतं. ०.५ ते ३ हा कीटोवाल्यांचा पट्टा. साध्या जेवणाऱ्या माणसाचं ०.६ च्या खाली. डोकं एकदम स्वच्छ चालतं, चारच्या सुमाराला जी पेंग यायची ती गेली.

गोव्यात कीटो सोपं आहे लोकहो. इसवण (सुरमई), सुंगटां (कोळंबी), अंडी, खोबरं, भाज्या. फक्त शीत (भात) आणि पाव सोडायचा.

हुमण_शीत · ६:०१

"फक्त" शीत आणि पाव. म्हणजे फक्त श्वास आणि नाडी. उरलेल्या माशांच्या हुमणाचं काय करायचं, कपाळाला लावायचं?

पावबंदी · ६:०४

वाटीने प्यायचं. खोबरेल तर मी रोज दोन चमचे पितो, त्याने केटोन वाढतात.

परीक्षानळी · ६:१२

थोडी दुरुस्ती. केटोन झटपट वाढवतात ती आठ आणि दहा कार्बनची स्निग्धाम्लं. ती आतड्यातून सरळ यकृतात जातात. खोबरेलात ती दोन्ही मिळून जेमतेम १५ टक्के. त्यातलं जवळजवळ निम्मं असतं लॉरिक आम्ल, बारा कार्बनचं, आणि त्याचा बराचसा भाग इतर तेलातुपासारखा लांबच्या रस्त्याने जातो. एमसीटी तेल म्हणून महाग बाटली मिळते ती नारळातून हे आठ-दहावाले वेगळे काढून. तुमचे केटोन भात सोडल्यामुळे आहेत, खोबरेलामुळे नव्हेत. आणि पहिल्या आठवड्यात जे तीन किलो गेले असतील ते बहुतेक पाणी. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं.

वाळपईचा_गोठा · ६:१५

माणसांचं मला कळत नाही, पण केटोन आमच्या गोठ्यात गेल्या वर्षी येऊन गेलेत. माझी जर्सी व्याली, पंधरा दिवस मस्त दूध दिलं, मग एकदम पेंड सोडली. गवत चघळायची पण पेंडीकडे तोंड फिरवायची. पाठीवरचं मांस दिसता दिसता ओसरलं. दूध निम्म्यावर. बायको म्हणाली हिच्या तोंडाला अननसाचा वास येतोय. मला काही येत नव्हता. डॉक्टर आले, लघवीत पट्टी बुडवली, क्षणात जांभळी. म्हणाले, हिला कीटोसिस आहे. दूध देता देता गाय स्वतः आटतेय.

त्यांनी सांगितलेलं असं: दुधातली साखर बनवायला गाईला ढीगभर ग्लुकोज लागतं, पण रवंथ करणाऱ्या जनावराला चाऱ्यातून थेट ग्लुकोज मिळतच नाही. पोटातले जंतू चारा आंबवतात, त्यातून जे निघतं त्याचं यकृतात ग्लुकोज करावं लागतं. व्यायल्यावर दूध धावतं आणि खाणं मागे पडतं. मग चरबी उपसायची. इतकी उपसायची की केटोनचा पूर. शिरेतून ग्लुकोज दिलं, पाच दिवस प्रॉपिलिन ग्लायकॉल पाजलं, सुधारली.

तर सर, मला विचारायचं आहे की केटोन शहाणपणाचे असतील तर माझी गाय आजारी का पडली?

परीक्षानळी · ६:२०

चांगला प्रश्न आहे. विचार करून लिहितो.

सूक्ष्मदर्शक · ६:२६

मी आत्ता धागा बघितला. २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. माटोळी, गप्पा नंतर. आधी मला एक सांगा.

रक्तात साखर १६८ आणि लघवीत साखर +++. हे जुळत नाही. मूत्रपिंड साखर सहसा वाया घालवत नाही. रक्तातली साखर १८० च्या वर गेली की मग लघवीत सांडायला लागते. आई दोन दिवस जेवल्या नाहीत, म्हणजे मधेच साखर २५०-३०० वर जाऊन आली असंही दिसत नाही. मग तीन अधिक आले कुठून?

त्यांच्या गोळ्यांची पाकिटं हातात घ्या आणि पाठची बारीक अक्षरातली नावं इथे लिहा. ब्रँडचं नाव नको, औषधाचं. शेवटी 'फ्लोझिन' असं काही आहे का ते मुद्दाम बघा.

माटोळी · ६:३८

ताई, दोन पाकिटं आहेत. एकावर मेटफॉर्मिन. दुसऱ्यावर डॅपाग्लिफ्लोझिन १० मि.ग्रॅ. ही दुसरी पाच महिन्यांपूर्वी सुरू झाली. तयेला आणि कालही तिने दोन्ही घेतल्यात. म्हणते, "उपास जेवणाचा, औषधाचा नव्हे."

सूक्ष्मदर्शक · ६:४१

आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. कॅज्युअल्टीला. ओपीडीची वाट बघू नका, उद्या सकाळ नको, पेज नको. दोन्ही पाकिटं आणि रिपोर्ट सोबत घ्या. दारातच हे वाक्य म्हणा: "मधुमेह आहे, ही गोळी चालू आहे, दोन दिवस उपास झाला, उलटी होतेय, लघवीत केटोन आहेत." रक्तातले केटोन आणि रक्ताची आम्लता तपासायला सांगा. साखर १६८ बघून कोणी परत पाठवलं तर जायचं नाही, पुन्हा हेच वाक्य म्हणायचं.

जाताना मोबाईल बघू नका. गाडी चालवा.

हुमण_शीत · ६:४४

गेले असावेत. ताई, आम्हाला घाम फुटलाय. जरा समजावून सांगाल का काय झालं ते?

सूक्ष्मदर्शक · ७:१५

सांगते. परीक्षानळी सरांनी जे सांगितलं ते निरोगी माणसासाठी अक्षर न् अक्षर बरोबर आहे. त्यात एकच पात्र राहिलं, इन्शुलिन.

आपण इन्शुलिनला साखर कमी करणारं म्हणून ओळखतो. त्याचं दुसरं काम चरबीच्या कोठाराला कुलूप लावायचं. जेवलात की इन्शुलिन वाढतं, कुलूप बंद. उपासात इन्शुलिन उतरतं, कुलूप थोडं सैल होतं, चरबी झिरपते, केटोन बनतात. पण निरोगी माणसात ते कधीच शून्यावर येत नाही. केटोन फार वाढले तर थोडं इन्शुलिन सुटतं आणि चरबी अडवली जाते. म्हणून पावबंदींचं केटोन १.५ वर थांबतं, आणि कित्येक आठवड्यांच्या उपासातही ६-८ च्या आसपास थबकतं. ज्याच्याकडे इन्शुलिन नाहीच, त्याचं कुलूप तुटलेलं. केटोन १०, १५, २० पर्यंत जातात. आणि हे पदार्थ आम्ल आहेत. रक्त आंबट होतं. मग माणूस ते आम्ल बाहेर टाकायला खोल, जोरजोरात श्वास घ्यायला लागतो. त्याला डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. इन्शुलिन वेळेवर सुरू झालं नाही तर जीव जातो.

आता ही गोळी. ती मूत्रपिंडातला साखर परत ओढणारा पंप बंद करते. रोज ६०-८० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर. म्हणून लघवीत +++, मग रक्तात काहीही असो. साखर बाहेर गेल्यामुळे रक्तातली उतरते. ती उतरली म्हणून शरीर इन्शुलिन आणखी कमी सोडतं आणि ग्लुकागॉन (इन्शुलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक) वाढतं. त्यावर दोन दिवस जेवण नाही, पाणी नाही. चरबीचं कोठार सताड उघडं, आणि बारा वर्षांच्या मधुमेहात इन्शुलिनची शिल्लक मुळात कमी. आत कीटोअ‍ॅसिडोसिस चालू आणि मीटरवर साखर १६८. काकांना वाटतं सुधारली. हाच फसवा भाग. एरवी या आजारात साखर ३००-४०० दिसते म्हणून पटकन सापडतो.

गोळी वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये. हृदय आणि मूत्रपिंडं दोन्हींना तिचा चांगला फायदा होतो, खूप लोक व्यवस्थित घेतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटाबद्दल हा इशारा २०१५ मध्येच दिला होता. शस्त्रक्रियेच्या आधी तीन दिवस ही बंद ठेवतात ती यासाठीच. उपास, उलट्या, जुलाब यांनाही तोच हिशोब लागतो, पण ते रुग्णाला सांगायचं राहून जातं. इथे वाचून कोणी स्वतःची गोळी परस्पर बंद करू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा, "उपासाला काय करायचं?"

वाळपईचा_गोठा · ७:३०

म्हणजे माझ्या गाईच्या दुधाच्या जागी इथे लघवी. साखर बाहेर धावतेय, खाणं मागे पडलंय.

सूक्ष्मदर्शक · ७:३३

बाब, पुढच्या बॅचला शिकवायला तुम्हीच या.

परीक्षानळी · ७:४८

माझा ५:४१ चा प्रतिसाद काढत नाही, तसाच राहू दे. पण "निश्चिंत असा" हे शब्द मी लिहायला नको होते. मधुमेह आणि उलटी हे दोन्ही वाचूनही मी उपासाचं रसायनशास्त्र सांगत बसलो. माटोळी माझं ऐकून थांबले असते तर? हात कापतोय लिहिताना. गोठेवाल्यांना उत्तर ताईंनी दिलंच आहे: केटोन किती बनले यापेक्षा लगाम कोणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं.

काजूमळा · ८:२०

माटोळींची खबर येईपर्यंत एक आठवण. आमच्या वाड्यावरचा एक माणूस, मधुमेह नाही, काही नाही. हुर्राकाच्या दिवसात चार दिवस नुसता पीत होता. जेवण बंद. पाचव्या दिवशी पोटात कळा, उलट्या, धापा. सगळे म्हणाले, चढलीय. पण तोवर त्याने दीड दिवस थेंबही घेतला नव्हता. दवाखान्यात सांगितलं, दारूमुळे रक्तात केटोन झालेत. हे कसं काय? इथे इन्शुलिनची तर कमी नव्हती ना?

सूक्ष्मदर्शक · ८:३५

तात्पुरती कमीच. उपाशी माणसाचं इन्शुलिन तळाला असतं. दारू पचवताना यकृताची रासायनिक घडी अशी बिघडते की ते नवीन ग्लुकोज बनवू शकत नाही. डबा रिकामा, चूलही बंद, उलट्यांनी पाणी कमी. मग केटोनच केटोन. आणि यात एक चकवा आहे. केटोन बहुतेक बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटच्या रूपात असतात आणि लघवीच्या पट्टीला ते दिसतच नाही. पट्टीतलं रसायन अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटशी जांभळं होतं. म्हणून पट्टीवर एखादाच + आणि माणूस मात्र गंभीर. इन्शुलिन सहसा लागत नाही. आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), मग ग्लुकोज-सलाईन, आणि शरीर स्वतःच ताळ्यावर येतं.

जुनी_पाने · ९:०५

इतिहासातलं थोडं. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. तोवर मधुमेही मुलांवर उपाय एकच: उपाशी ठेवणं. साखर कमी, केटोन कमी आणि मुलगा हाडांचा सापळा. पहिलं इंजेक्शन अशुद्ध निघालं, फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला सुधारित अर्क दिला तेव्हा रक्तातली साखर झपाट्याने उतरली, लघवीतली जवळजवळ नाहीशी झाली आणि केटोनही गेले.

आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी उलटी सूचना केली होती: अपस्मारात उपासाने झटके कमी होतात, मग उपास न करता, भरपूर चरबी आणि नावापुरती कर्बोदकं देऊन शरीरात केटोन वाढवून बघा. 'कीटोजेनिक डाएट' हे नाव तिथलं. जिममध्ये पोचायच्या कितीतरी आधी ते आजारी लेकरांच्या ताटात होतं, आणि औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात आजही देतात, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ग्रॅम मोजून. एकाच दशकात एका आजारात केटोन घालवायची धडपड आणि दुसऱ्यात आणायची.

पावबंदी · ९:२२

प्रामाणिक प्रश्न. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि माझं बघून तेही पुढच्या महिन्यापासून कीटो करणार म्हणतात. त्यांची गोळी आत्ता बघितली. शेवटी फ्लोझिन आहे.

सूक्ष्मदर्शक · ९:२४

डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही. शीत जेवू दे त्यांना.

हुमण_शीत · ९:२५

आयुष्यात पहिल्यांदा विज्ञान माझ्या बाजूने बोललं.

माटोळी · दुसऱ्या दिवशी, सकाळी १०:५०

मंडळी, आई आयसीयूत आहे, पण बरी आहे. बोलतेय. रात्री लिहायला जमलं नाही.

काल आठ वाजता पोचलो. ताईंचं वाक्य गाडीत तीन वेळा घोकलं आणि दारात म्हणून टाकलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरीण बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाकिटाकडे, आणि लगेच आईला आत घेतलं. रक्तातले केटोन ४.६. आम्लता म्हणजे पीएच ७.२६, ७.३५ च्या खाली नको असतो म्हणाल्या. बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल मारणारं, १४, तेही कमी. तेव्हाची साखर १५९. आईचा श्वास जोरात चाललाय हे मला घरी कळलंच नव्हतं. मला वाटलं स्वयंपाकाने थकलीय. खाटेवर आडवी केल्यावर चादर वरखाली होताना दिसली, तेव्हा लक्षात आलं.

दोन गोष्टी समजल्या नाहीत. एक, एका हाताला ग्लुकोजची बाटली आणि दुसऱ्या हाताला इन्शुलिन. काका म्हणतात, हे म्हणजे एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून उपसायचं. दोन, आज पहाटे लघवीची पट्टी केली तर केटोन +++. काल ++ होते! वाढले? डॉक्टर राउंडला गेल्यात, माझा जीव वर-खाली होतोय.

सूक्ष्मदर्शक · ११:०२

देव बरें करूं! वेळेवर पोचलात.

आधी दुसरं, कारण त्यानेच घाबरलाय. वाढले नाहीत. काल लिहिलं तसं पट्टीला बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट दिसत नाही. उपचार सुरू झाले की ते उलटं फिरून अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट होतं आणि मग पट्टीला दिसायला लागतं. म्हणून आजार उतरताना पट्टी गडद होते. पट्टीकडे बघू नका, रक्तातलं केटोन किती ते विचारा.

पहिलं, इन्शुलिन साखरेसाठी नाहीये, चरबीच्या कुलपासाठी आहे. साखर आधीच १५९, नुसतं इन्शुलिन दिलं तर ती धोकादायक खाली जाईल. म्हणून ग्लुकोज वरून घालत राहायचं, म्हणजे इन्शुलिनला आपलं काम करता येतं. काकांना सांगा, गाईला पण ग्लुकोजच दिलं होतं.

माटोळी · ११:४०

डॉक्टरांना विचारलं. रक्तातलं केटोन १.३. पीएच ७.३४. संध्याकाळी वॉर्डात हलवतील.

परीक्षानळी · ११:४३

आता जेवतो. कालपासून घास उतरला नव्हता. म्हणजे माझ्याही लघवीत एव्हाना असतील.

रात्रपाळी · दुपारी २:३०

कॅज्युअल्टीत काम करतो, इथे सहसा नुसता वाचतो. एकच भर. सुशिक्षित घरातला रुग्णही गोळीचा रंग सांगतो, नाव नाही. "ती पिवळी, बदामासारखी." पाकीट आणलं की आमचा अर्धा तास वाचतो. नातेवाईक रागावले तरी चालतील, गोळ्यांची पाकिटं घेऊन या.

माटोळी · पाच दिवसांनंतर, रात्री ८:१५

आई घरी आली. आमचा पाच दिवसांचा गणपती तिच्याशिवायच पोचवला, ती वॉर्डातून व्हिडिओ कॉलवर आरती म्हणत होती. फ्लोझिनवाली गोळी बंद केलीय, आता पुन्हा द्यायची नाही असं कार्डावर लाल शाईने लिहिलंय. सध्या थोडे दिवस इन्शुलिन. डॉक्टरीण बाईंनी उपासाबद्दल तिला अर्धा तास समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे गोळी नसेल तर तयेचा उपास चालेल ना?" बाईंनी कपाळाला हात लावला.

सूक्ष्मदर्शक ताई, तुमच्यासाठी आईने नेवऱ्या काढून ठेवल्यात. कुठे पोचवू ते व्यनि करा. परीक्षानळी सरांना पण. ती म्हणते, मास्तर घाबरले होते बिचारे.

वाळपईचा_गोठा · ८:३२

छान झालं. माटोळी बाब, लघवीच्या पट्ट्यांची डबी घेतली असेल तर उरलेल्या मला द्याल का? माझी दुसरी गाय येत्या आठवड्यात विणार आहे, या वेळी आधीपासून बघून ठेवतो.

सूक्ष्मदर्शक · ८:४०

डबी कधी उघडली ती तारीख बघून घ्या बाब, आणि झाकण घट्ट होतं का तेही. या दिवसात ओल लागली की पट्ट्या मरतात. गाय जांभळी असेल आणि पट्टी पांढरीच राहील.

हुमण_शीत · ८:४२

जांभळी गाय बघायला मी येतो.